मजुरी दोन तागड्यांत

अक्षय्यतृतीयेचा सण खानदेशांत आखाजी या नांवानें ओळखला जातो. सासुरवाशिणी माहेरीं येतात, झाडांना झोके बांधले जातात, घरोघरीं गोडधोड होतें. परंतु शेतकरी व शेतमजूर यांच्या दृष्टीनें या सणाला आणखी एक अर्थ आहे. जुन्या वहिवाटीप्रमाणें सालदाराचें साल या सणाला संपतें आणि नवें साल याच सणापासून सुरू होतें. धुळें जिल्ह्यांतील शिंदखेडें तालुक्यांत दोंडाईचा हें गांव आहे. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या तापी खोऱ्याच्या रेल्वेवरील हें बाजाराचें ठिकाण. कापूस आणि लाल मिरची यांच्या व्यापारासाठीं तें खानदेशांत सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आसपासच्या खेड्यांतून आखाजीच्या सुमारास मालक आणि सालदार ओट्यावर बसत आणि पुढील बारा महिन्यांचा करार तोंडींच होई. त्यांत कांहीं रोकड ठरे, कांहीं धान्य ठरे. कपडा आणि वहाणा यांचाही उल्लेख होई. कागद नसे, साक्षीदार असत. आणि एकदां शब्द दिला म्हणजे दोघेही वर्षभर बांधले जात.

या ओट्यावरच्या बोलण्यांत अर्थशास्त्रांतील एक मोठा प्रश्न दडलेला आहे. किती लोकांना काम मिळतें, त्या कामांतून उत्पन्न किती निघतें आणि काम करणाऱ्याच्या पदरांत खरोखर काय पडतें, या तीन गोष्टींचा परस्परांशीं संबंध कसा असतो? सुशिक्षित समाजांत याविषयीं दोन समजुती आढळतात. पहिली अशी कीं, देशाचें उत्पन्न वाढलें म्हणजे मजुरी आपोआप वाढते. दुसरी अशी कीं, मजुरी वाढली म्हणजे रोजगार आपोआप घटतो. दोहोंतही सत्याचा अंश आहे. पण गेल्या दीडशें वर्षांतील खानदेशाचा व एकंदर महाराष्ट्राचा अनुभव पाहिला, तर दोन्ही समजुती अपुऱ्या ठरतात.

प्रथम खरी मजुरी म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. घरांतील वडीलधारीं माणसें पूर्वीच्या स्वस्ताईच्या गोष्टी सांगतात. रुपयाला ज्वारी किती पायल्या मिळे, तूप किती शेर मिळे, हें त्यांना पाठ असतें. परंतु तो रुपया मिळवावयास किती दिवस राबावें लागे, हें त्या गोष्टींत सहसा येत नाहीं. मजुराच्या हातांत पडणारी नाणीं ही रोकड मजुरी. त्या नाण्यांनीं बाजारांत जें धान्य, तेल, कापड मिळतें, ती खरी मजुरी. सालदाराच्या करारांत धान्याचा वांटा असे, त्याचें कारण हेंच. भाव चढले तरी धान्याचें माप बदलत नाहीं, हें शाळेंत न गेलेल्या माणसालाही अनुभवानें कळलें होतें.

शहरांतील कामगाराला धान्य मापून देत नसत; त्याच्यासाठीं माप निराळें शोधावें लागलें. मुंबई सरकारनें १९२१ सालीं मजूर कचेरी स्थापिली आणि त्याच वर्षापासून ‘लेबर गॅझेट’ हें मासिक निघूं लागलें. कामगारांच्या कुटुंबांत कोणत्या जिनसा किती खपतात हें ठरवून त्यांच्या भावांवरून राहणीच्या खर्चाचा एक अंक काढावयाचा, ही ती रीत. जुलै १९१४ मध्यें मुंबईंत हा खर्च १०० धरला, तर ऑक्टोबर १९२० मध्यें तो १९३ पर्यंत चढला होता. म्हणजे ज्याची मजुरी या काळांत दीडपट झाली, तो माणूस हातांत अधिक पैसे असूनही गरीब झाला होता. पुढें खानदेशालाही असा स्वतःचा अंक मिळाला. ऑगस्ट १९३९ चा खर्च १०० धरून जळगांवचा अंक निघूं लागला आणि मुंबई, अहमदाबाद व सोलापूर यांच्या पंक्तीला तो छापला जाऊं लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या महागाईंत या आंकड्यांना फार महत्त्व आलें. १९४० सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांनीं महागाई भत्त्यासाठीं संप केला, तेव्हां वाद नाण्यांच्या संख्येचा नसून त्या नाण्यांच्या खरेदीशक्तीचा होता.

पण खरी मजुरी मोजण्याची ही एकच तागडी नाहीं. मालकाजवळ दुसरी तागडी असते. मजूर आपली मजुरी ज्वारीनें तोलतो. मालक तीच मजुरी कापसानें तोलतो, कारण कापूस विकूनच त्याला ती द्यावयाची असते. एक काल्पनिक उदाहरण घेतलें म्हणजे हें स्पष्ट होईल. समजा, दिवसाची मजुरी ३०० रुपये आहे, ज्वारी ३० रुपये किलो आहे आणि कापूस ६० रुपये किलो आहे. मजुराला दिवसाच्या श्रमाबद्दल दहा किलो ज्वारी मिळाली. मालकाचा पांच किलो कापूस गेला. पुढच्या वर्षीं मजुरी ३३० रुपये झाली, ज्वारी ४० रुपयांवर गेली आणि कापूस मात्र ५५ रुपयांवर उतरला. आतां मजुराला सव्वाआठ किलोच ज्वारी मिळते, आणि मालकाचा सहा किलो कापूस जातो. मजूर म्हणतो, मजुरी घटली. मालक म्हणतो, मजुरी वाढली. दोघेही खरें बोलतात आणि दोघेही एकमेकांना खोटें समजतात. मजुरीविषयींच्या कित्येक भांडणांचें मूळ या दोन तागड्यांत आहे.

या दोन तागड्या हातीं घेऊन इतिहासाकडे पाहावें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. हिंदुस्थानांतील कापसाचे भाव एकाएकीं चढले. खानदेशाच्या काळ्या जमिनींत कापसाचा पेरा वाढला; त्याच दशकांत लोहमार्गाचें कामही या प्रदेशांतून चाललें होतें. शेताला माणूस पाहिजे आणि रेल्वेच्या मातीकामालाही माणूस पाहिजे, अशी स्थिति आली. रोजगार, उत्पन्न आणि रोकड मजुरी हीं तिन्ही एकदम चढलीं. मात्र धान्यही महागलें, त्यामुळें मजुराच्या तागडींत त्या तेजीचा लाभ जितका दिसावयास पाहिजे होता तितका दिसला नाहीं. कापूस पिकविणाऱ्याच्या तागडींत तो भरपूर दिसला. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापसाचे भाव कोसळले, आणि तेजीच्या भरंवशावर काढलेलीं कर्जें मात्र तशींच राहिलीं.

दुष्काळाच्या वेळीं याच्या अगदीं उलट चित्र दिसतें. पाऊस गेला म्हणजे उत्पन्न जातें. पीकच नाहीं म्हणून निंदणी नाहीं, कापणी नाहीं, वेचणी नाहीं. आणि हाताला काम नाहीं अशाच वेळीं धान्य महाग होतें. रोजगार, उत्पन्न आणि खरी मजुरी हीं तिन्ही एकाच खड्ड्यांत जातात. १८७७ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं सरकारी कामावरील मजुरी एक रत्तल धान्य आणि वर अर्धा आणा इतकी खालीं आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली, आणि हजारों मजुरांनीं अर्धपोटीं राबण्यापेक्षां कामें सोडून जाणें पत्करलें. १८९९-१९०० च्या दुष्काळानें तर गुजराथेबरोबर खानदेशालाही होरपळून काढलें. मजुरी स्वस्त झाली म्हणजे रोजगार वाढतो, हें म्हणणें खरें असतें, तर त्या वर्षीं खानदेशांत एकही हात रिकामा राहावयास नको होता.

पाश्चात्य अर्थशास्त्रज्ञांतही या प्रश्नावर मोठा वाद झाला आहे. जॉन मेनार्ड केन्स यांनीं १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या विख्यात ग्रंथांत बेकारीची नवी मीमांसा केली. मजुरी कापल्यानें बेकारी हटत नाहीं, मालाला मागणी असेल तरच माणसाला मागणी येते, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. तथापि एक जुना विचार त्यांनीं मान्य केला होता. तो असा कीं, अल्प काळांत रोजगार वाढूं लागला म्हणजे वस्तूंचे भाव मजुरीच्या पुढें धांवतात आणि खरी मजुरी थोडी उतरते. १९३८ सालीं जॉन डनलॉप यांनीं इंग्लंडचे, आणि १९३९ सालीं लॉरी टारशिस यांनीं अमेरिकेचे आंकडे तपासून दाखविलें कीं, प्रत्यक्षांत तसें नेहमीं घडत नाहीं. विशेष हें कीं, केन्स यांनींही १९३९ सालीं लेख लिहून आपल्या या मताचा फेरविचार केला पाहिजे असें मोकळेपणानें कबूल केलें. रोजगार वर गेला म्हणजे खरी मजुरी खालीं आलीच पाहिजे, अशी तराजूची दांडी निसर्गानें बसविलेली नाहीं.

मंदीच्या काळांत मात्र तशी दांडी असल्याचा भास होतो. १९२९ नंतर जगभर भाव कोसळले. ज्यांची नोकरी टिकली आणि पगार फारसा उतरला नाहीं, त्यांच्या घरांत स्वस्त धान्य आलें. त्यांची खरी मजुरी वाढली. परंतु त्याच काळांत मुंबईंतील कित्येक गिरण्यांचीं दारें बंद झालीं. मजूर कचेरीनें १९३४ सालीं मुंबईच्या कापडधंद्यांतील मजुरी आणि बेकारी या दोहोंची मिळून एकच चौकशी केली, यांतच सर्व कांहीं आलें. एका कामगाराची खरी मजुरी वाढली आणि त्याच्या शेजाऱ्याची शून्य झाली, तर चाळीची स्थिति सुधारली म्हणावयाची कीं बिघडली? सरासरीच्या आंकड्यांत बेकार माणूस दिसत नाहीं. कारण ज्याला मजुरीच नाहीं, त्याची मजुरी सरासरींत धरीतच नाहींत.

उत्पन्न वाढलें म्हणजे मजुरी वाढते, या पहिल्या समजुतीचीही परीक्षा गिरणगांवांत झाली. १९२८ सालीं मुंबईंत जवळजवळ सहा महिने संप चालला. एका माणसानें पूर्वीपेक्षां अधिक माग व अधिक चात्या सांभाळाव्या, ही मालकांची योजना हें त्या संपाचें एक प्रमुख कारण होतें. दर माणशीं उत्पन्न वाढणार, हें मालकांचें म्हणणें खोटें नव्हतें. पण त्या वाढीचा वांटा कोणाला, आणि जे हात मोकळे होतील त्यांनीं जावें कोठें, हे कामगारांचे प्रश्नही खोटे नव्हते. पुढें १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या सुमारें अडीच लक्ष कामगारांनीं संप केला आणि त्या संपानंतर कित्येक गिरण्या पुन्हां पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहींत. खानदेशांत अमळनेर, धुळें, जळगांव, चाळीसगांव येथें कापडाच्या गिरण्या होत्या. त्याही एकामागून एक मोडकळीस आल्या. देशांतील कापड मात्र कमी झालें नाहीं. तें भिवंडी, मालेगांव, धुळें आणि सुरत येथील यंत्रमागांवर निघूं लागलें. आणि गिरणीच्या कामगाराला भत्ता, भविष्यनिर्वाह निधि, रजा असें जें कायद्यानें मिळे, तें यंत्रमागावरच्या माणसाला क्वचितच मिळालें. कापड वाढलें, काम राहिलें, मजुरी मात्र खालच्या पायरीवर गेली.

मग खरी मजुरी वाढते तरी कशानें? तिला दोन गोष्टी लागतात, आणि त्या दोन्ही एका वेळीं लागतात. पहिली गोष्ट दर हातामागें निघणारें उत्पन्न. शेतांतून जें निघतच नाहीं, तें मजुरींत देतां येणार नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९१८ सालीं हिंदुस्थानांतील लहान धारणक्षेत्रांविषयीं जो निबंध लिहिला, त्यांत हें मर्म सांगितलें आहे. जमिनीचे तुकडे लहान हा मूळ रोग नसून, जमिनीवर गरजेपेक्षां अधिक माणसें बसलेलीं आहेत आणि त्यांचे श्रम वायां जात आहेत, हा रोग आहे. आणि उद्योगधंद्यांची वाढ हा त्यावर उपाय आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. दुसरी गोष्ट म्हणजे मजुराला दुसरें दार असणें. जेथें एकच ओटा आहे, तेथें आखाजीचा करार मालक सांगेल तसा होतो. जेथें सालदार उठून दुसरीकडे जाऊं शकतो, तेथेंच त्याच्या शब्दाला वजन येतें.

दोंडाईचा येथें हें दुसरें दार रेल्वेनें उघडलें. तापी खोऱ्याची रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली, ती मुख्यतः माल नेण्यासाठीं. तिनें कापसाच्या गांठी नेल्या. पुढें तिनें माणसेंही नेलीं. सुरतेच्या उधना व लिंबायत भागांतून आज खानदेशी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथें अहिराणी बोली ऐकूं येते. यंत्रमागावरील तें काम सुखाचें नाहीं. परंतु सुरतेस गेलेल्या भावाची मजुरी गांवीं राहिलेल्या भावाच्या कराराच्या वेळीं ओट्यावर न दिसतां हजर असते. मालकाला ती मनांत धरावी लागते.

दुसरें दार सरकारनेंही उघडलें. वि. स. पागे यांच्या पुढाकारानें १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील तासगांव भागांत, काम मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२-७३ च्या भयंकर दुष्काळांत महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवर एके वेळीं सुमारें पन्नास लक्ष माणसें होतीं. पीक तेव्हांही बुडालें होतें; परंतु १८७७ प्रमाणें किंवा १९०० प्रमाणें रोजगार आणि खरी मजुरी हीं त्याबरोबर बुडूं दिलीं गेलीं नाहींत, आणि म्हणून पूर्वीसारखा माणसांचा संहार झाला नाहीं. रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. त्याच्या खर्चासाठीं १९७५ सालापासून शहरांतील पगारदार व धंदेवाईक लोकांवर व्यवसाय कर बसविण्यांत आला होता. पगाराच्या चिठ्ठीवरील त्या लहानशा वजावटीचा आणि शिंदखेड्याच्या माळावरील मातीकामाचा असा थेट संबंध होता, हें पुष्कळ शहरी घरांना ठाऊक नसेल.

याच योजनेनें दुसऱ्या समजुतींतील सत्याचा अंशही दाखवून दिला. १९८८ सालीं शेतमजुरीचे किमान दर जवळजवळ दुप्पट झाले आणि त्याबरोबर रोजगार हमीवरील मजुरीही वाढली. त्यानंतर कामावरील दिवसांची संख्या मात्र घटली. मजुरांना काम नको झालें म्हणून ती घटली नाहीं. वाढीव दरानें मागेल त्याला काम देण्याइतका पैसा व तयारी राहिली नाहीं, म्हणून घटली. मजुरी वाढवितांना तिच्यासाठीं लागणारा पैसा कोठून येणार, हें ठरविलें नाहीं, तर वाढ कांहींजणांना मिळते आणि उरलेले रांगेंत उभे राहतात.

अलीकडच्या वर्षांनींही हाच धडा दिला आहे. २००२ सालीं बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढील पांच-सहा वर्षांत देशांतील कापसाचें दर हेक्टरीं उत्पन्न पुष्कळ वाढलें. नंतर ती वाढ थबकली. २००७-०८ पासून कांहीं वर्षें ग्रामीण भारतांतील खरी मजुरी वेगानें चढली. त्या काळांत शहरांतील बांधकामें जोरांत होतीं, आणि केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याप्रमाणें गांवोगांव कामें निघत होतीं; दुसरीं दारें उघडीं होतीं. २०१४ नंतर मात्र देशाचें उत्पन्न वाढत राहिलें आणि ग्रामीण खरी मजुरी वर्षानुवर्षें जेमतेम जागच्या जागीं राहिली. उत्पन्नाचा घोडा पुढें गेला आणि मजुरीचा टांगा मागें राहिला. कारण दोहोंना जोडणारा दोर घोड्याच्या गळ्यांत जन्मतः नसतो, तो बांधावा लागतो.

येथें शेतकऱ्याची बाजू विसरून चालणार नाहीं. दोन-चार एकरांचा कोरडवाहू कापूस करणारा माणूस भांडवलदार नव्हे. कापूस आजही येथें हातानें वेचला जातो, आणि वेचणीची मजुरी किलोमागें द्यावी लागते. कापसाचा भाव उतरला आणि वेचणीचा दर चढला, म्हणजे त्याच्या तागडींत मजुरी एकदम जड होते. मग तो सालदार ठेवीत नाहीं, भाड्याचा ट्रॅक्टर आणतो, निंदणीऐवजीं तणनाशक फवारतो. सालदारकी त्यामुळें मागें पडत चालली आहे. तिच्यांत गुलामीचा अंश होता, म्हणून तिचें दुःख करण्याचें कारण नाहीं. परंतु बारा महिन्यांच्या कामाच्या जागीं हंगामापुरतें काम आलें असेल, तर रोजाचा दर दुप्पट होऊनही वर्षाची कमाई तेवढीच राहूं शकते. म्हणून खरी मजुरी दिवसाची न मोजतां वर्षाची मोजली पाहिजे.

हा प्रश्न खेड्यापुरता आहे असें शहरांतील कुटुंबांनीं समजूं नये. सरकारी कचेरींतील पगाराला महागाईचा अंक जोडलेला असतो. अंक चढला कीं भत्ता चढतो. त्याच घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईच्या मजुरीला कोणताही अंक जोडलेला नसतो. तिची मजुरी वाढते ती वर्षा-दोन वर्षांनीं, तिनें धीर करून मागितली तर. आणि मधल्या काळांत डाळ-तेलाचे भाव तिची वाट पाहत थांबत नाहींत. घरधनी आपली मजुरी धान्यानें तोलतो आणि तिची मजुरी मात्र नाण्यांनीं मोजतो.

मजुरी वाढल्याची बातमी ऐकली म्हणजे म्हणूनच तीन प्रश्न विचारावेत. त्या मजुरींत ज्वारी किती येते? वर्षांतून किती दिवस ती मिळते? आणि ती देणाऱ्याच्या हातीं तेवढें उत्पन्न पडतें काय? पहिल्या दोन प्रश्नांचें उत्तर मजुराच्या तागडींत आहे, तिसऱ्याचें मालकाच्या. दोन्ही तागड्या एकाच वेळीं हलक्या करावयाच्या असतील, तर शेतांतून दर हातामागें अधिक निघालें पाहिजे, कापसाला रास्त भाव आला पाहिजे, आणि ओट्यावर बसलेल्या माणसाला उठून जाण्याचें दुसरें दार उघडें असलें पाहिजे. यांपैकीं एकही गोष्ट दैवाधीन नाहीं. पाऊस दैवाच्या हातीं असेल. पण दुष्काळांत काम निघतें कीं नाहीं, रस्ते, पाणी आणि कारखाने दोंडाईचासारख्या गांवापर्यंत पोहोंचतात कीं नाहीं, हें माणसांच्या हातीं आहे. पुढच्या आखाजीला होणारा करार न्यायाचा होईल कीं नाहीं, हें त्या ओट्यापासून फार दूर असलेल्या घरांत आणि कचेऱ्यांतही ठरत असतें.